चाकांवरचे बिऱ्हाड आणि वैशाखातील पाणी

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, ही म्हण मराठीत बहुधा उपहासाने वापरली जाते. ज्याला धड घर नाही, ज्याचा मुक्काम आज येथे तर उद्या तेथे, त्याच्याविषयी चार भिंतींत सुखाने राहणाऱ्या गृहस्थाने किंचित कीव करून बोलावयाचे, हाच तिचा आजवरचा उपयोग. परंतु काळाची गंमत अशी की, ज्या स्थितीची कीव केली जात असे तीच आता पैसे मोजून भाड्याने घेतली जाते. निजण्याचे बाक, स्वयंपाकाचा ओटा, शेगडी, फ्रीज, मोरी आणि संडास इतके सर्व एका मोटारीच्या पोटात बसविलेली गाडी मिळते. कुटुंब तीत बसते आणि बिऱ्हाडासह वाटेला लागते. या गाडीला कॅरव्हॅन म्हणतात. शब्द मूळचा फारसी ‘कारवान’, म्हणजे तांडा. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली या प्रकारच्या पर्यटनासाठी स्वतंत्र धोरण जाहीर केले, तेव्हापासून मोठ्या शहरांतील पुष्कळ कुटुंबांच्या सुटीच्या बेतांत या तांड्याचा विचार होऊ लागला आहे.

हा बेत मुंबई-पुण्याहून कोकणात उतरणाऱ्याने आखावा आणि बीड जिल्ह्यातील आष्टीहून निघणाऱ्याने आखावा, यांत मात्र मोठे अंतर आहे. आष्टी बालाघाटाच्या पठारावर वसलेली. पश्चिमेस सीना नदी, आसपास माळ व मुरूम, पाऊस बेभरवशाचा. मुलांच्या शाळांना सुटी पडते ती नेमकी वैशाखात, आणि त्या दिवसांत मराठवाड्यात पारा ४० अंशांच्या वर चढलेला असतो. अशा वेळी दहा दिवसांचा प्रवास करावयाचा तर त्याचा बेत कोणत्या धोरणाने आखावा, याचा विचार प्रस्तुत भाषणात करावयाचा आहे.

उदाहरणादाखल आष्टीतील एक सुशिक्षित कुटुंब डोळ्यांसमोर आणावे. पतिपत्नी, दोन शाळकरी मुले आणि पंचाहत्तरी ओलांडलेली आजी. आजीची इच्छा एकच, पैठणास जाऊन नाथांच्या समाधीवर डोके ठेवावे. तिचे गुडघे दुखतात. लॉजचे जिने तिला चढवत नाहीत, आणि परक्या ठिकाणच्या संडासाची धास्ती तिने बोलून दाखविली नाही तरी तिच्या नाही म्हणण्यामागे तीच असते. मुलांनी वेरूळचे कैलास लेणे पाहिले आहे ते पाठ्यपुस्तकातील चित्रात. एकाच प्रवासात दोन्ही गोष्टी साधावयाच्या, तर निजण्याबसण्याची सोय बरोबर घेऊन जाणारी गाडी ही या कुटुंबाची चैन ठरत नाही. आजीला घराबाहेर पडण्याचा तोच एक मार्ग उरलेला आहे. म्हणून बेत बिघडला तर केवळ सुटी वाया जात नाही. म्हाताऱ्या माणसाच्या जिवाशी गाठ पडते.

बेत आखावयास बसलेला गृहस्थ प्रथम कागदावर प्रेक्षणीय स्थळांची यादी करतो. यादी वाढत जाते. अजिंठा हवा, वेरूळ हवे, तुळजापूर हवे, नळदुर्गही हवा. मग ती नावे रेषांनी जोडली की मार्ग तयार झाला, असे त्यास वाटते. ही रीत पौषात एक वेळ चालेल. वैशाखात कागदाच्या माथ्यावर एकच प्रश्न लिहावा: रोज रात्री पाणी कोठे मिळेल? त्याचे उत्तर सापडले की मार्ग पुष्कळसा आपोआप ठरतो आणि यादीही आपोआप आखूड होते.

हिशेब सोपा आहे. कुटुंबातील माणसे पाच. पण भाड्याच्या गाडीबरोबर बहुधा चालक येतो, आणि बेत करणारे त्यास मोजावयाचे विसरतात. तेव्हा माणसे सहा. उन्हाळ्यात पिण्यासाठी माणशी पाच लिटर धरले तर ३० लिटर, स्वयंपाकास १०, भांड्यांस १५, हातपाय-तोंड धुणे व संडास यांस २५. मिळून ८० लिटर झाले. गाडीची टाकी १५० लिटरांची असली तर ती दोन दिवसही पुरत नाही. यात स्नान धरलेले नाही. सहा माणसांनी अर्ध्या अर्ध्या बादलीत आंघोळ आटोपली तरी टाकी पहिल्याच दिवशी तळास जाईल. शिवाय १५० लिटर पाणी म्हणजे १५० किलोग्रॅम ओझे. घाट चढताना ते गाडीला ओढावे लागते. यावरून दोन नियम निघतात. टाकी रोज भरता येईल असाच मुक्काम निवडावा, आणि स्नान मुक्कामाच्या ठिकाणच्या सोयीवर सोपवून टाकीला हात लावू नये.

परंतु रोज भरावयाचे ते पाणी कोणाचे, हा प्रश्न याहून मोठा आहे. ग्रामीण घरांना नळाने पाणी देण्यासाठी २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनने माणशी दररोज ५५ लिटर हे माप धरले आहे. उन्हाळ्यात मराठवाड्यातील कित्येक वाड्या-वस्त्यांवर हे माप स्वप्नवत असते. तेथे टँकरची वाट पाहत हंडे रांगेत उभे असतात. अशा गावाच्या पारावर झगझगीत गाडी उभी करून हातपंपाला रबरी नळी लावणे कायद्याने गुन्हा नसेल. पण पाहुण्याने यजमानाच्या घरातील शेवटची घागर उपडी करण्यासारखेच ते आहे. म्हणून टाकी शहरात, पर्यटक निवासात किंवा मोठ्या देवस्थानाच्या भक्तनिवासात, विचारून व मोबदला देऊन भरावी. लहान गावात पाणी फक्त पिण्यापुरते मागावे.

पाणी भरण्याइतकाच ते टाकण्याचा विचार अगत्याचा आहे. मोरीचे सांडपाणी एका टाकीत आणि संडासाची घाण दुसऱ्या टाकीत साठते. दुसरी टाकी भरली की ती ओढ्यात वा कोणाच्या बांधावर रिकामी करून पुढे सरकण्याचा मोह चालकास होतो. उन्हाळ्यात कोरडा दिसणारा ओढा पहिल्या पावसाने वाहू लागतो आणि ती घाण खालच्या गावाच्या विहिरीत उतरते. म्हणून ज्या मुक्कामी गटाराची किंवा सेप्टिक टाकीची सोय आहे अशी दोन ठिकाणे आधीच ठरवून घ्यावीत.

यासाठी पूर्वसूचनेची आवश्यकता असते. मोगल बादशहाच्या स्वारीत डेऱ्यांचे दोन संच असत. एकात बादशहाचा मुक्काम असे, तोवर दुसरा संच एक मजल पुढे जाऊन उभा राहत असे. त्यास पेशखाना म्हणत. आजच्या गृहस्थाचा पेशखाना म्हणजे आदल्या संध्याकाळी केलेला फोन. गाडी किती लांब व किती उंच आहे, फाटकातून ती आत येईल काय, झाडाच्या फांद्या वा तारा आड येतील काय, रात्री वीज जोडून मिळेल काय, पाणी किती मिळेल, हे पाच प्रश्न विचारून उत्तरे लिहून ठेवावीत. जुन्या गावांच्या वेशी बैलगाडीच्या मापाने बांधलेल्या आहेत हे विसरू नये. मोबाइलवरील नकाशावर विसंबतानाही थोडी सावधगिरी हवी. १८१८ साली बापू गोखले ज्या लढाईत पडले ती आष्टी सोलापूर जिल्ह्यातील, १९४२ च्या लढ्यात गाजलेली आष्टी वर्धा जिल्ह्यातील, आणि ही तिसरी आष्टी बीड जिल्ह्यातील. परतीच्या वाटेवर यंत्रास नुसते ‘आष्टी’ एवढेच सांगितले तर ते भलतीकडे तोंड करावयाचे.

लांबच्या प्रवासापूर्वी एका रात्रीची रंगीत तालीम करावी. त्यासाठी शेजारच्या जामखेड तालुक्यातील चौंडी हे गाव योग्य. अहिल्याबाई होळकरांचा जन्म तेथे १७२५ साली झाला. ज्या बाईने हिंदुस्थानभर घाट, विहिरी, बारवा व धर्मशाळा बांधून अनोळखी प्रवाशाची सोय पाहिली, तिच्या जन्मगावी प्रवासाचा पहिला धडा गिरवावा यात औचित्य आहे. एका रात्रीत पुष्कळ गोष्टी उघड होतात. आजीला बाकावर चढता येते की नाही, रात्री तिला उठावे लागल्यास दिवा हाताशी आहे की नाही, भांडी आदळतात की नाही, आणि चालक नीट निजतो कोठे. हा शेवटचा प्रश्न गौण समजू नये. रात्रभर डास मारीत बसलेल्या चालकाच्या हाती सकाळी सहा जीव द्यावयाचे, हे कोणत्याही काटकसरीत बसत नाही.

आता प्रत्यक्ष मार्ग. पाण्याचा प्रश्न पुढे ठेवून पाहिले म्हणजे आष्टी, बीड, पैठण, छत्रपती संभाजीनगर, वेरूळ, लोणार, परळी, अंबाजोगाई आणि परत आष्टी असे एक वर्तुळ तयार होते. अंतर आठशे किलोमीटरांच्या आसपास भरते. दहा दिवसांत ते निवांत होते, कारण प्रवास पहाटे पाचपासून दहापर्यंत आणि लागल्यास सूर्य कलल्यावर करावयाचा. मधली दुपार सावलीत काढावयाची. या वर्तुळात अजिंठा नाही, तुळजापूर नाही, नळदुर्गही नाही. ते गाळावे लागले म्हणून हळहळ वाटेल. परंतु सर्वच पाहावयाचे असा हट्ट धरणाऱ्याला अखेरीस फक्त रस्ता पाहावयास मिळतो.

पहिल्या दिवशी जामखेडवरून बीडच्या रस्त्याला लागले की सौताडा येते. छायाचित्रांत तेथे कड्यावरून कोसळणारा पांढरा शुभ्र धबधबा दिसतो. वैशाखात तेथे कोरडा कडा आणि खोल दरी असते. मुलांना हे आधीच सांगून ठेवावे म्हणजे त्यांचा हिरमोड होत नाही. कोरड्या कड्यावरील पाण्याचे डाग पाहून पावसाळ्याची कल्पना करणे हेही एक शिक्षणच आहे. पाटोदा तालुक्यातच नायगावचे मयूर अभयारण्य आहे. पहाटे वा सायंकाळी तेथे मोरांचे केकारव कानी पडतात. उन्हाळ्यात रानातील झरे आटले की वनविभाग कृत्रिम पाणवठे करून त्यांत टँकरने पाणी सोडतो, अशी महाराष्ट्रातील अनेक अभयारण्यांची रीत आहे. मोरालाही टँकरचे पाणी प्यावे लागते, हे मुलांच्या लक्षात आले म्हणजे गाडीतील नळ ते जपून सोडतील.

मांजरसुंब्याहून बीडकडे येताना शहराच्या अलीकडे खजाना विहीर लागते. निजामशाहीच्या अमलात, १५८२ च्या सुमारास, सलाबतखानाने ती बांधविली. विहीर गोल असून आत उतरल्यावर पाण्याभोवती फिरता येईल असा सज्जा आहे. जमिनीखालून दगडी नहरांनी पाणी आणून ते चढउतार साधून शेतांकडे नेलेले आहे. मोटही नाही आणि रहाटही नाही. मोठ्या अवर्षणातही ही विहीर आटत नाही अशी तिची ख्याती. बीड शहरात काळ्या दगडाचे कंकालेश्वराचे देऊळ एका तलावाच्या मधोमध उभे आहे. देव पाण्यात बसविणाऱ्या त्या कारागिरांना या प्रदेशात पूजनीय काय, हे नेमके ठाऊक होते असे वाटते.

बीडहून गेवराईवरून गोदावरी ओलांडून पैठण. या स्थळी आजीसाठी संपूर्ण दिवस राखून ठेवावा. तिला घाई करू नये. समाधीच्या दर्शनास सकाळी लवकर जावे म्हणजे फरशी तापलेली नसते. काशीहून आणलेली गंगेची कावड रामेश्वराला वाहावयास निघालेल्या नाथांनी ती वाटेत तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी रिकामी केली, ही कथा प्रत्येक मराठी घरात सांगितली जाते. ती ऐकताना पुष्कळदा नाथांची भूतदया तेवढी ध्यानात येते. वैशाखात, स्वतःच्या पाण्याची टाकी घेऊन त्या गावी आलेल्याला मात्र तिच्यातला दुसरा अर्थही जाणवतो. कावडीतले पाणी मोजकेच होते, आणि तरीही ते देण्यात आले. गावापासून थोड्याच अंतरावर जायकवाडीचे धरण आहे. लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते १९६५ साली त्याची पायाभरणी झाली आणि १९७६ साली इंदिरा गांधी यांनी त्याचे उद्घाटन केले. त्याच्या जलाशयास नाथांचेच नाव आहे. उन्हाळ्यात नाथसागराची पातळी उतरते व काठची जमीन मैलोगणती उघडी पडते. हिवाळ्यात येथे उतरणारे परदेशी पक्षी तोवर बहुतेक निघून गेलेले असतात. तथापि संध्याकाळी काठावरून येणारा गार वारा आजीला गाडीतल्या यंत्राच्या वाऱ्याहून अधिक मानवेल.

छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, हे या मार्गावरील सर्वांत मोठे शहर. मलिक अंबरने १६१० साली येथे खडकी हे नगर वसविले, आणि डोंगरातील पाणी जमिनीखालच्या नहरांतून नगरात आणले. पुढे बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याजवळ अशाच नहरीच्या पाण्याच्या जोरावर जाते फिरविण्यात आले, तीच पाणचक्की. कित्येक किलोमीटरांवरून आलेले पाणी एका उंच भिंतीवर चढवून हौदात सोडलेले आहे. यंत्रशाळेत शिकणाऱ्या मुलाने ही योजना पाहून तिचा नकाशा वहीत काढावा. शहरात टाकी भरून घ्यावी, सांडपाण्याची टाकी रिकामी करावी, औषधे घ्यावीत, आणि मुख्य म्हणजे आजीची प्रकृती एकदा वैद्यकीय दृष्टीने तपासून घ्यावी.

पुढल्या पहाटे दौलताबाद. शहरापासून ते सुमारे १५ किलोमीटर. महंमद तुघलकाने १३२७ साली दिल्लीची राजधानी येथे हलविली. तो बेत पुढे मोडला. मोठ्या शहराचे बिऱ्हाड उचलून निघणाऱ्या त्या बादशहाची फजिती शाळेत हसून शिकविली जाते. पण हत्तीहौदाच्या काठी उभे राहिले की हसू मावळते. एवढा प्रचंड हौद बांधणाऱ्यांना पाण्याची चिंता किती होती ते त्याच्या आकारावरूनच कळते. किल्ला चढावयाचा तो मुलांनी व वडिलांनी, आणि ऊन चढण्यापूर्वी उतरून यावे. आजी व सूनबाई पायथ्याच्या झाडाखाली बसतील. कोणासही, विशेषतः मुलांना व वृद्धांना, बंद गाडीत बसवून ठेवू नये. उन्हात उभी गाडी थोड्याच वेळात भट्टीसारखी तापते.

वेरूळ येथून जवळच. लेणी ३४. मंगळवारी ती बंद असतात, ही बारीक गोष्ट बेताच्या कागदावर तांबड्या शाईने लिहावी. राष्ट्रकूटांच्या काळी, इसवी सनाच्या आठव्या शतकात, डोंगर वरून खाली कोरीत नेऊन कैलास मंदिर घडविले गेले. सकाळी दार उघडताच आत जावे, दोन-तीन लेणी मनापासून पाहावीत आणि बाहेर पडावे. सर्व लेणी एका दिवसात पाहणारा कोणतेच लेणे पाहत नाही. घृष्णेश्वराचे देऊळ आजीला पाहता येईल. त्याचा जीर्णोद्धार अहिल्याबाईंनी केला. चौंडीहून निघालेल्या तालमीचा धागा येथे पुन्हा हाती लागतो.

लोणारचा टप्पा या प्रवासातील सर्वांत लांब. जालना-मंठ्यावरून तो पहाटे निघून दहाच्या आत उरकावा. काळ्या खडकात उल्का आदळून झालेले जवळजवळ १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर पाहून मोठी माणसेही क्षणभर गप्प होतात. तळाशी सरोवर आहे, पण ते खारे व क्षारयुक्त, पिण्यास निरुपयोगी. २०२० च्या जूनमध्ये त्याचे पाणी गुलाबी झाले. क्षारप्रेमी सूक्ष्म जीवांमुळे हा रंग आला, असे तपासणीत आढळले. त्याच वर्षी या सरोवरास रामसर यादीत स्थान मिळाले. आणि या खाऱ्या सरोवराच्या काठावरच, वरच्या अंगाला, गोमुखातून गोड्या पाण्याची धार अखंड पडते. एकाच विवरात खारे आणि गोडे पाणी शेजारी शेजारी असावे, हे पाहावयास मिळाले तरी प्रवासाचे चीज झाले. सरोवरापर्यंतची चढउतार पायीच करावी लागते. आजीने धारेपाशी थांबावे. तरुणांनीही उजाडताच उतरून आठपूर्वी वर यावे.

लोणारहून जिंतूर, परभणी, गंगाखेड करीत परळी. वैजनाथाचे दर्शन झाले की सुमारे २५ किलोमीटरांवर अंबाजोगाई. योगेश्वरीचे हे गाव, मुकुंदराजांचे व दासोपंतांचे गाव. येथून लातूर दूर नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये त्या शहरासाठी मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीस दहा टाक्या होत्या आणि तीत पाच लाख लिटर पाणी होते. मुलांनी स्वतःच्या गाडीच्या १५० लिटरांशी हा आकडा ताडून पाहावा. दहा दिवसांच्या हिशेबाने त्यांना लिटर म्हणजे काय हे एव्हाना कळलेले असेल, आणि एका शहराची तहान म्हणजे काय हे त्यांना भाषणावाचून समजेल.

परतीच्या वाटेवर, केज-मांजरसुंबा-पाटोद्याच्या बाजूस, या कुटुंबाला आणखी काही फिरती बिऱ्हाडे भेटणे शक्य आहे. बीड जिल्ह्यातील हजारो कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. नवराबायकोच्या जोडीला तेथे ‘एक कोयता’ म्हणतात. पत्र्याची पेटी, चार भांडी, पाण्याचा ड्रम, शेळी आणि पोरे घेऊन ती निघतात, उसाच्या फडाशेजारी पाचटाच्या कोपीत सहा महिने काढतात, आणि साखर कारखान्यांचा हंगाम संपला की उन्हाळ्यात गावी परततात. चाकांवरचे बिऱ्हाड चालविण्याची कला या जिल्ह्यात कोणास पूर्ण अवगत असेल तर ती या बायांना. किती पाण्यात किती भाकरी, किती भांडी आणि किती अंगे धुवून होतात, याचा जो हिशेब सुशिक्षित गृहस्थ कागद-पेन्सिल घेऊन मांडतो, तो त्यांना तोंडपाठ असतो. फरक एवढाच की, एकाचे बिऱ्हाड हौसेने निघाले, दुसऱ्याचे पोटासाठी. आणि दुसऱ्याची मुले शाळेला मुकून निघाली. वाटेत अशी ट्रॅक्टरची ट्रॉली दिसली तर भोंगा वाजवून तिला बाजूस सारू नये. झाडाखाली दोन्ही बिऱ्हाडे थांबली तर प्रथम रामराम करावा. गाडीत उरलेले पाणी विचारावे, देऊ करावे, आणि बोलावयाची इच्छा दिसली तर ऐकावे. दहा दिवसांत पाहिलेल्या कोणत्याही शिलालेखाइतके ते बोलणे मोलाचे ठरेल.

शेवटी बेताचा एक भाग असा आहे की जो चांगले चांगले गृहस्थ कागदावर लिहीत नाहीत. तो म्हणजे बेत कोठे मोडावयाचा. या मार्गावर ती जागा संभाजीनगर. तेथवर आजीचे नाथदर्शन झालेले असते, मोठी इस्पितळे हाताशी असतात, आणि अहिल्यानगरमार्गे एका दिवसात आष्टी गाठता येते. तेथे आजीला सकाळी ग्लानी वाटली, तिचे पाणी पिणे कमी झाले, बोलण्यात विसंगती आली किंवा अंग तापून घाम येईनासा झाला, तर एक क्षणही न दवडता तिला इस्पितळात न्यावे. उष्माघात वाट पाहत नाही. आणि तसे काही नसून ती केवळ दमली असली, तरी वेरूळ-लोणार पुढच्या वर्षावर टाकून गाडी वळवावी. हा निर्णय घराबाहेर पडण्यापूर्वी, शांत चित्ताने, सर्वांच्या समोर ठरवून ठेवावा. कारण ऐन वेळी मुलांचे उतरलेले चेहरे आणि भरलेले भाडे पाहून माणूस पुढे जातो, आणि आजी, आपल्यापायी सर्वांचा विरस नको म्हणून, ‘मला काही होत नाही’ असेच म्हणते. तिने तसे म्हणावयाची पाळी न येऊ देणे हे मुलाचे व सुनेचे काम आहे.

लेणी आठव्या शतकापासून उभी आहेत. ती आणखी एक उन्हाळा थांबतील.